जुनी मोटार, नवा मालक

वाचकहो, गावात एखादा जुना वाडा विकायला निघाला म्हणजे जाणता गिऱ्हाईक काय करतो, ते आपण पाहिलेले आहे. दर्शनी भिंतीच्या रंगाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तो थेट आत जातो, तुळईवर काठी मारून आवाज ऐकतो, खांबाच्या बुडाशी वाळवी आहे की काय ते चाचपतो आणि पावसाळ्यात पाणी कोठून उतरते ते शेजारच्या म्हातारीला विचारतो. रंगाला भुलणारा पुढे पस्तावतो, हे सांगायला पंडित लागत नाही. आज मला बोलायचे आहे ते वाड्याविषयी नव्हे, मोटारीविषयी. आणि तीही इंग्लंडात तयार झालेल्या, दोन माणसांच्या, कापडी टपाच्या एका लहानशा मोटारीविषयी. पण प्रश्न तोच आहे. जुनी वस्तू घेणारा नवा मालक नेमके काय विकत घेतो, आणि घेतल्यावर त्याच्या अंगावर कोणती जबाबदारी येते?

आपण म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मोटारीशी काय देणेघेणे? तर देणेघेणे असे, की यंत्र हेही एक कागदपत्रच असते. दप्तरातला जुना कागद हाती आला की आम्ही विचारतो : हा केव्हा लिहिला गेला, कोणी लिहिला, आणि मागाहून कोणी त्यात खाडाखोड केली? जुन्या मोटारीलाही हेच तीन प्रश्न विचारावे लागतात. ज्याने ते विचारले नाहीत, त्याचा पैसा तर जातोच. पण केव्हा केव्हा जिवावरही बेतते.

आधी या मोटारीची कुळकथा ऐका. आपल्याकडच्या रस्त्यांवर २०१९ सालापासून एम. जी. ही अक्षरे अष्टकोनी चौकटीत मिरवणाऱ्या नव्या मोटारी दिसू लागल्या. त्या गुजरातेत हालोल येथे तयार होतात. पण ही दोन अक्षरे फार जुनी आहेत. ऑक्सफर्ड या विद्यापीठाच्या गावी विल्यम मॉरिस नावाच्या गृहस्थाने सायकलदुरुस्तीपासून सुरुवात करून मोटारींचा प्रचंड उद्योग उभारला. त्याच्या विक्री-दुरुस्तीच्या पेढीचे नाव मॉरिस गॅरेजेस. त्याचीच आद्याक्षरे एम. जी. सेसिल किंबर हा गृहस्थ १९२२ साली या पेढीचा व्यवस्थापक झाला. मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉडी चढवून त्या विकण्याची कल्पना त्याची. १९२९ साली हा कारखाना ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्स नदीकाठच्या ॲबिंग्डन नावाच्या लहान गावी, एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात गेला आणि १९८० पर्यंत तेथेच नांदला.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. ही काही राजेमहाराजांची मोटार नव्हती. घरगुती मोटारीचे इंजिन, घरगुती मोटारीचे गिअर, घरगुती मोटारीचे पाटे, आणि वर एक हलकी, ठेंगणी बॉडी, असा तो मामला. शाळामास्तर, कारकून, नुकता नोकरीला लागलेला तरुण यांनी काटकसर करून घ्यावी अशी ती गाडी. तिचे भाग साधे, म्हणून ती स्वस्त. आणि भाग साधे, म्हणूनच ती पुढे टिकली.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा ब्रिटन जिंकले होते खरे, पण कर्जात बुडाले होते. अमेरिकेचे डॉलर मिळवल्याशिवाय धान्यही आणता येईना. सरकारने कारखानदारांना बजावले, की जो परदेशी माल विकील त्याला पोलाद मिळेल. एम. जी.ची टी. सी. नावाची छोटी गाडी त्याच साली बाजारात आली. १९४९ पर्यंत अशा दहा हजार गाड्या झाल्या. त्यातल्या सुमारे दोन हजार अमेरिकेत गेल्या, आणि गंमत अशी, की त्या सर्व उजव्या हाताच्या होत्या. अमेरिकेत तर गाडी डाव्या बाजूला बसून चालवतात! तरी लोकांनी त्या घेतल्या. पुढे १९५५ साली आली एम. जी. ए. तिच्या एक लाखावर गाड्या निघाल्या आणि बहुतेक परदेशी गेल्या. १९६२ साली आली एम. जी. बी. आजचे आपले बोलणे मुख्यतः हिच्याविषयी. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत हिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

ही गाडी आपल्याला अगदीच परकी आहे असे मात्र समजू नका. आपली ॲम्बेसिडर आठवते ना? पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला होणारी, लग्नाच्या वरातीपासून कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यापर्यंत सगळीकडे दिसणारी. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे त्याच मॉरिसच्या घरातली. १९५९ पासून ॲम्बेसिडरमध्ये जे १४८९ सी. सी.चे इंजिन बसू लागले, ते बी-सिरीज या घराण्याचे. एम. जी. ए.चे पहिले इंजिनही याच घराण्याचे आणि नेमके १४८९ सी. सी.चेच होते. एम. जी. बी.चे १७९८ सी. सी.चे इंजिन म्हणजे त्यांचाच थोरला भाऊ. तेव्हा ज्या मिस्त्रीने आपल्या तालुक्याच्या गावी ॲम्बेसिडरचे व्हॉल्व्ह जुळवले असतील, त्याला एम. जी.चे बॉनेट उघडून दिले तर तो बुचकळ्यात पडणार नाही. घरातले माणूस ओळखावे तसा तो ते इंजिन ओळखील.

आता खरेदीकडे वळू. समजा, इंग्लंडातल्या एखाद्या गावी आपला एखादा मराठी माणूस राहतो आणि त्याच्या मनात अशी गाडी घ्यायचे आले. गाडी दारात उभी आहे, लाल रंग झळकतो आहे, तारांच्या आऱ्यांची चाके चमकताहेत, विकणारा गोड बोलतो आहे. याने आधी काय पाहावे? इंजिन? नव्हे. इंजिन काढून दुसरे घालता येते, गिअरबॉक्स बदलता येते. आधी पाहायचा तो पत्रा.

याचे कारण बांधणीत आहे. एम. जी. ए.पर्यंतच्या गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असे, म्हणजे बैलगाडीच्या साट्यासारखा एक भक्कम सांगाडा, आणि त्यावर बॉडी ठेवलेली. वरचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा भार उचलत राही. एम. जी. बी.ला असा वेगळा सांगाडाच नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून साऱ्या बॉडीलाच सांगाडा केले आहे. त्यामुळे गाडी हलकी झाली, ताठ झाली, आत ऐसपैस जागा झाली. पण त्याचबरोबर पत्र्यावर मोठी जोखीम आली. बंद टपाच्या गाडीला छताचा तरी आधार असतो. उघड्या गाडीला छत नाही. मग पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतो कोण? तर दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या. इंग्रज त्यांना सिल म्हणतो, म्हणजे आपला उंबरठाच. घराचा उंबरठा झिजला तर घर पडत नाही. या मोटारीचा उंबरठा सडला तर मोटार मधोमध वाकते.

आणि सडतो तोच. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांनी उडते, मडगार्डाच्या आतल्या कोपऱ्यांत चिखलाबरोबर बसते, तेथून उंबरठ्याच्या पोकळीत उतरते. बाहेर रंग शाबूत आणि आतून पत्रा पापडासारखा. आपल्या कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. खारा वारा लोखंडाचे काय करतो ते त्यांच्या खिडक्यांचे गज सांगतात.

म्हणून जाणकार लोक काही साध्या परीक्षा सांगतात. पहिली चुंबकाची. रुमालात गुंडाळलेला लहानसा चुंबक उंबरठ्यावरून आणि मडगार्डाच्या खालच्या कडेवरून फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दुसरी दाराची. दार आणि बॉडी यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ती वरच्या बाजूला मिटत आली असेल तर गाडी मध्ये खचली आहे असे समजावे. तिसरी जॅकची. बाजूला जॅक लावून गाडी किंचित उचलावी आणि दार उघडून पाहावे. दार अडकू लागले किंवा जॅकखाली पत्रा करकरला, तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी यावे. चौथी परीक्षा सीटच्या मागच्या फळीखाली. तेथे बॅटऱ्या ठेवतात. १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, पुढे एकच बारा व्होल्टची आली. बॅटरीच्या आम्लाने तेथला पत्रा खाल्लेला असतो, आणि तिकडे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

काही विकणारे सडलेल्या उंबरठ्यावर नवा पत्रा वरून वेल्ड करतात आणि रंग मारून मोकळे होतात. दस्तऐवजावरची खाडाखोड म्हणतात ती हीच. खरी दुरुस्ती करायची तर सडका भाग पार कापून काढावा लागतो, आतले आणि बाहेरचे पत्रे थराथराने बसवावे लागतात, आणि कापण्यापूर्वी गाडीला नीट टेकू द्यावा लागतो. टेकू न देता कापले तर गाडी वाकते, तशीच वेल्ड होते, आणि मग तिचे दार जन्मात नीट लागत नाही. जुन्या वाड्याचा खांब बदलताना सुतार आधी तुळईला आडवे-उभे वासे लावतो. अक्कल तीच, धातू वेगळा.

पत्र्याची परीक्षा झाली की मग गाडीचे वय वाचायचे. इतिहासाच्या शिक्षकांना हा भाग विशेष आवडेल. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, तीन बेअरिंगांवर फिरे; १९६४ च्या अखेरीपासून तो पाच बेअरिंगांवर फिरू लागला आणि इंजिन अधिक दणकट झाले. १९६५ साली मागे उतरते छप्पर असलेली बंद गाडी आली, तिला जी. टी. म्हणतात. १९६७ साली गिअरबॉक्स बदलली, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, आणि विजेच्या जोडणीत एक फार मोठा उलटापालट झाला. त्याआधीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, त्यानंतर ऋण टोक जोडू लागले. हे ठाऊक नसलेला नवा मालक जुन्या गाडीत हौसेने नवा रेडिओ बसवतो आणि पहिल्याच दिवशी धूर काढतो. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सुरक्षिततेच्या नियमांपायी चकचकीत बंपर गेले, त्या जागी काळे जाडजूड रबरी बंपर आले, आणि बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून सारी गाडीच उंच केली. वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. पाहा, वॉशिंग्टनमधला एक कायदा ॲबिंग्डनच्या गाडीच्या चालीत कसा उतरला! पुस्तकातला अर्थकारणाचा धडा येथे बोटाने दाखवता येतो.

एवढे झाल्यावर इंजिन सुरू करावे. ते पुरते गरम होऊ द्यावे, कारण थंड इंजिन खोटे बोलते. रस्त्यावर चालताना तेलाचा दाब पन्नास पौंडांच्या आसपास किंवा वर राहिला पाहिजे. तारांची चाके असतील तर ब्रेक दाबून ठेवून गाडी पुढेमागे ढकलावी. खट्ट असा आवाज आला तर चाकाच्या आतले दाते झिजले आहेत. अशी चाके दिसतात सुंदर, पण दाते पुरते झिजल्यावर एक दिवस चाक धरच सोडते. जिवावर बेतते म्हणालो ते यासाठी.

समजा, गाडी घेतली. आता नव्या मालकाने लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. जुनी गाडी चालवल्याने बिघडते त्यापेक्षा उभी राहिल्याने अधिक बिघडते. ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात, ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर दगड होते. तेव्हा पहिला खर्च ब्रेक, टायर आणि सगळी तेले यांवर करावा. रंग आणि गादी नंतर. पुढच्या चाकांच्या वळणाचे जे खुंट असतात त्यांना दर बाजूस तीन ठिकाणी ग्रीस द्यायचे असते, आणि ते साधारण दर तीन हजार मैलांनी द्यायचे असते. नव्या मोटारींना असे काही लागत नाही, म्हणून नवे मालक विसरतात. खुंट कोरडा पडतो, झिजतो, आणि पाच मिनिटांच्या आळसापायी मोठे काम निघते. दोन कार्बोरेटरांच्या डोक्यावर पितळी किंवा काळ्या टोप्या असतात, त्या उघडून आत थोडे तेल घालायचे असते. विहिरीवरच्या इंजिनाला रोज तेलपाणी पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही शिस्त शिकवावी लागत नाही. शहरातल्या माणसाला ती पुन्हा शिकावी लागते.

पेट्रोलचीही एक गोष्ट आहे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. ते शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे आणि माणसांच्या, विशेषतः मुलांच्या शरीरात विष कालवत असे. ब्रिटनने आणि भारताने ते २००० साली बंद केले, हे योग्यच झाले. पण मग जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येते. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये ते दहा टक्क्यांपर्यंत असते. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना इथेनॉल म्हणजे काय ते सांगायला नको. जुन्या रबरी नळ्यांना मात्र ते मानवत नाही. त्या भुसभुशीत होतात, पाझरतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल पाझरणे म्हणजे आगीला आवतण. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालणे हे जुन्या गाडीच्या नव्या मालकाचे पहिल्या महिन्यातले काम.

आता कथेच्या मुख्य वळणाकडे येऊ. १९७९ च्या सप्टेंबरात मालक कंपनीने ॲबिंग्डनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी, विक्रेत्यांनी, मालकांनी निषेध केला. उपयोग झाला नाही. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. पन्नास वर्षांहून अधिक काळ ज्या गावाची घड्याळे कारखान्याच्या भोंग्यावर लागत होती, तेथे शांतता झाली. रीत अशी, की कारखाना बंद पडला की दहा-पंधरा वर्षांत त्याचा माल भंगारात जातो. भाग मिळत नाहीत, मिस्त्री म्हातारे होतात, आणि गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गंजत पडते. एम. जी. बी.च्या बाबतीत तसे झाले नाही. का झाले नाही?

पहिले कारण संख्या. पाच लाख गाड्या बनल्या, म्हणजे सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. राजाच्या एकुलत्या एक मोटारीपेक्षा मास्तराची मोटार टिकली, ती मास्तरासारखे पुष्कळ होते म्हणून. दुसरे कारण संघटना. एम. जी. कार क्लब १९३० सालचा आणि एम. जी. ओनर्स क्लब १९७३ सालचा. म्हणजे कारखाना बंद पडला तेव्हा मालक आधीच एकत्र आलेले होते. कोणती दुरुस्ती कशी करावी, कोणता भाग कोठे मिळतो, कोण फसवतो, हे ज्ञान एकाच्या डोक्यात न राहता छापून, टपालाने, सभांतून हजारोंकडे गेले. सहकाराचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. लोखंडाच्या बाबतीतही तेच खरे ठरले.

तिसरे कारण मोठे रोमांचक आहे. गाड्या गंजत होत्या आणि बाजारातले तुटक पत्रे एकमेकांशी जुळत नव्हते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एम. जी. बी.चे पत्रे ज्या पोलादी साच्यांत दाबून काढत, ते जुने साचे शोधून काढले, जमवले, दुरुस्त केले, आणि १९८८ साली संपूर्ण नवी कोरी बॉडी बाजारात आणली. कारखाना बंद पडून आठ वर्षे झालेली आणि मोटारीचा सांगाडा नवा मिळतो आहे, असे पूर्वी क्वचितच घडले असेल. जिचा उंबरठा, तळ, मडगार्डे सारे गेले होते, तिचे इंजिन, चाके, गाद्या काढून नव्या बॉडीत बसवता येऊ लागले. एवढेच नव्हे, तर मूळ कंपनीच्या वारसांनी त्याच बॉडीच्या आधाराने १९९२ ते १९९५ या काळात आर. व्ही. ८ नावाच्या सुमारे दोन हजार गाड्या काढल्या, आणि त्यातल्या बहुसंख्य जपानला गेल्या.

पण येथे एक पेच उभा राहतो. बॉडी नवी, रंग नवा, नळ्या नव्या. मग ही गाडी १९६५ ची म्हणायची की १९८८ ची? आपल्या परंपरेत याला जीर्णोद्धार म्हणतात. काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बांधवले, म्हणून तेथला देव नवा झाला असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूही आपण पाहिलेली आहे. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाला भक्तिभावाने निळा ऑइलपेंट फासलेला आपण पाहतो तेव्हा पोटात कालवते. फासणाऱ्याची श्रद्धा खरी असते, पण दगडावरची छिन्नीची खूण कायमची बुजते. जुन्या मोटारीचेही तसेच आहे. अतिउत्साही मालक मूळची चांगली गादीसुद्धा काढून नवी चकचकीत घालतो आणि एक पुरावा नाहीसा करतो. म्हणून माझ्या मते नियम असा असावा : जेथे जीव धोक्यात येतो, म्हणजे उंबरठा, ब्रेक, चाक, पेट्रोलची नळी, तेथे जुन्याचा मोह धरू नये, आणि जेथे केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, तेथे नव्याचा मोह धरू नये.

आणि जे बदलले ते लिहून ठेवावे. या बाबतीत ब्रिटनमध्ये एक अनुकरणीय गोष्ट आहे. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या मूळ नोंदी जपल्या आहेत. आपल्या गाडीचा क्रमांक कळवून फी भरली, की ती कोणत्या तारखेस बनली, मूळ रंग कोणता, इंजिनाचा क्रमांक काय, ती कोणत्या बाजारपेठेसाठी होती, याचा दाखला मिळतो. विकणारा म्हणतो गाडी मूळची लाल. दाखला म्हणतो हिरवी. मग चकचकीत लाल रंगाखाली काय काय दडले असेल, हा प्रश्न आपोआप मनात येतो. पुराव्याचे महत्त्व याहून सोपे करून वर्गात सांगता येईल काय?

ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ बांधणी राखलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीचा दाखला बहुतेक करून लागत नाही. वरवर ही सवलत दिसते. पण तिचा अर्थ असा, की सरकारचा तपासनीस बाजूला झाला आणि तपासणीचा भार मालकाच्या सद्सद्विवेकावर आला. गाडी रस्त्यावर धड चालण्याजोगी ठेवण्याचे कायदेशीर बंधन कायमच आहे. आपल्याकडेही २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात व्ही. ए. ही अक्षरे येतात आणि त्या रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाहीत. जुनी मोटार ही केवळ भंगार नव्हे, हे कायद्याने मान्य केले. मात्र कायदा दाखला देईल. ग्रीस मालकालाच द्यावे लागेल.

ॲम्बेसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिच्या थोरल्या भावाला साचे मिळाले, क्लब मिळाले, नोंदी मिळाल्या. ॲम्बेसिडरचे ज्ञान मात्र अजून पुष्कळसे मिस्त्रींच्या बोटांत आहे. बोटांतले ज्ञान बोटांबरोबर जाते. आपल्या गावी अशी बोटे असतील : जुन्या ऑइल इंजिनाचा ठोका कानाने ओळखणारा, गुऱ्हाळाचा चरक पन्नास वर्षे चालता ठेवणारा, पिठाच्या गिरणीच्या जात्याला टाकी लावणारा. शिक्षक मित्रहो, एखाद्या शनिवारी मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवा. यंत्र कोठून आले, केव्हा आले, कोणता भाग केव्हा बदलला, कोणी बदलला, एवढेच विचारून लिहून आणायला सांगा. ती वही हा तुमच्या गावच्या उद्योगाचा पहिला इतिहासग्रंथ होईल.

आणि वाचकहो, उद्या आपण एखादी जुनी वस्तू घेतलीत, मग ती मोटार असो, विहिरीवरचे इंजिन असो की शिवणयंत्र असो, तर पहिल्या दिवशी तिला पुसण्याआधी एक वही घाला. पहिल्या पानावर लिहा, वस्तू कोणाकडून आली आणि कोणत्या स्थितीत आली. पुढच्या पानांवर आपण काय केले ते लिहीत चला. आपल्यानंतर तिला आणखी एक नवा मालक मिळणारच आहे. पत्र्याखाली काय आहे हे शोधायला त्याला चुंबक फिरवावा लागू नये, आपली वही उघडली की कळावे.